तेराव्या महिन्यातली मेल

नहासे ४, बुधवार

आज मेल सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. मी मागितला नव्हता. आमचे साहेब आतो सिसाय यांनी खोलीत बोलावलं, स्वतःचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "अस्नाकेच, यात जिल्ह्याचं पत्र कुठे आहे ते शोधून दाखव."

पानंच्या पानं कचरा. वजन कमी करायची औषधं, लॉटऱ्या, परदेशातल्या कुठल्या कुठल्या विधवांची संपत्ती. जिल्ह्याचं पत्र सापडलं, पण शोधता शोधता माझे डोळे दुखायला लागले.

"हसू नकोस," साहेब म्हणाले. "गेल्या आठवड्यात आपण जिल्ह्याला पाणी चढल्याची सूचना पाठवली. तिथल्या कारकुनाच्या पेटीचीही अशीच कचराकुंडी झालीय. सूचना वाचली दुपारी. नदी काठावरून परत फिरली म्हणून निभावलं."

मी हसत नव्हते. आमच्या केंद्राचं काम काय, तर वरच्या खोऱ्यात गेदेल अंबाला एक बाई नदीतली मोजपट्टी वाचते, खाली शेंबेको गावात लोक गुरं हलवतात, आणि या दोघांच्या मधे तलावाकाठी आम्ही बसलेलो असतो. वरचं ऐकायचं, खाली सांगायचं. शेंबेकोला माझी मोठी बहीण एन्गुदाय असते. या महिन्याच्या एक तारखेला तिला मुलगा झाला. बाळंतीण आहे, चाळिसाव्या दिवशी बाप्तिस्मा होईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. तिचं घर गावातलं नदीकडचं शेवटचं.

म्हणून काम गळ्यात पडलं तरी तक्रार नाही. आई म्हणायची, निजण्याआधी ज्याचे आभार मानायचे राहिले असतील त्याचं नाव घ्यावं. आज साहेबांचं घेते, तोंडदेखलं नाही, मनापासून.

नहासे ६, शुक्रवार

दोन दिवस नियम वाचतेय. मेलच्या मजकुराआधी काही ओळी असतात: कोणाकडून, कोणाला, कधी, कशाबद्दल. त्यांना हेडर म्हणतात. त्या ओळी कशा लिहायच्या याचे जगभर मान्य झालेले नियम आहेत, अगदी स्वल्पविराम कुठे द्यायचा इथपर्यंत. आणि गंमत अशी की कचरा पाठवणारे बहुतेक जण हे नियम पाळतच नाहीत. घाईत असतात, अर्धवट लिहितात. आमचा सर्व्हर आजवर सगळं पोटात घालत आलाय.

मी ठरवलं. ज्याचं हेडर नियमाप्रमाणे नाही त्याला दारातूनच परत.

कॉफीच्या वेळी हे सांगितलं तर गाशे यिहेनेव मान हलवायला लागले. गाशे म्हणजे आमचे सगळ्यांचे वडीलधारे. वर्ष संपलं की निवृत्त होणार आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा राजधानीत, आदिसला बोलावतोय, आणि हे काहीतरी कारण काढून जायचं टाळतात.

"पोरी, दारात आलेल्याला आधी आत घ्यावं," ते म्हणाले. "पाय धुवायला पाणी द्यावं. कोण तू, कुठला, हे नंतर."

"म्हणूनच तुमच्या घरातून दोनदा रेडिओ चोरीला गेला, गाशे."

"रेडिओ गेला. पाहुणा नाही गेला."

"पाठवणाऱ्याला साधे नियम पाळता येत नसतील तर चूक त्याची."

"चूक त्याचीच. पण ऐकायचं राहून गेलं तर नुकसान कुणाचं?"

म्हाताऱ्यांशी वाद घालू नये, ते कॉफी गार करतात.

नहासे १३, शुक्रवार

बुहेचा सण. आणि माझाही. काल सर्व्हरला नियम घातले, आज सकाळी साहेबांच्या पेटीत मोजक्या मेल, सगळ्या कामाच्या. साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "अस्नाकेच, मला वाटलं सर्व्हर बंद पडला." सबंध कचेरीत कौतुक. हिशेबातल्या बाईंनी उपासाचा लाडू दिला.

संध्याकाळी गल्लीतली पोरं काठ्या आपटत, गाणी म्हणत दारोदार आली. आमच्या घरमालकिणीने भाकऱ्या वाटल्या. गाशे वाटेने जाताना थांबले. मी दारात भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी. ते म्हणाले, "काय बेसूर ओरडतात. एकालाही शब्द धड येत नाहीत. हाकलून का नाही दिलंस?"

मी भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात कोंबला आणि विषय संपवला. माणूस हरला की टोमणे मारतो.

नहासे १९, गुरुवार

गाशेंचा आणखी एक कारभार आज उघडा पडला. गेदेल अंबाला फोन लागत नाही, म्हणून तिथे एक डबा आहे: सूर्याच्या उजेडावर चालतो, उपग्रहातून मेल पाठवतो. बाईने आकडा टाकून बटण दाबायचं, मेल इथे येते. त्या डब्यातला प्रोग्राम गाशेंनी बारा-पंधरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिलाय.

आज सहज हेडरमधली तारीख पाहिली तर डिसेंबरची. आता कुठला डिसेंबर. विचारलं तर म्हणाले, "नहासे आपला बारावा महिना. बाराव्याला डिसेंबर. पहिल्याला जानेवारी, दुसऱ्याला फेब्रुवारी, ओळीने चिकटवलेत."

"आणि वर्ष?"

"वर्ष आपलंच, फिरंग्यांच्या मागचं."

"म्हणजे मेल फिरंगी हिशेबाने सात-आठ वर्षं जुनी. गाशे, मेल म्हणजे काय पंचांग वाटलं का तुम्हाला?"

"मांतेगबोशला काय सांगू? नहासेमध्ये उठून बघायचं आणि ऑगस्ट लिहायचं? तिला कुणाचा ऑगस्ट ठाऊक नाही. पाणी मात्र तिला बरोबर ठाऊक आहे."

मांतेगबोश म्हणजे पट्टी वाचणारी बाई. आधी तिचा नवरा वाचायचा, तो गेल्यावर ती वाचते.

माझा सर्व्हर ही मेल घेतो, कारण तारखेचा आकार बरोबर आहे. खरी आहे की खोटी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तरी मी गाशेंना सांगून ठेवलं: नवीन वर्षात तो डबा काढून नवा बसवायचा. त्यांचा चेहरा पडला. वाईट वाटलं, पण जुनं झालेलं जुनंच.

नहासे २४, मंगळवार

साहेबांच्या मेहुण्याची मेल परत गेली. तो फोनवर माझ्यावर ओरडला, मी त्याला त्याच्या हेडरमधली चूक समजावून सांगितली, त्याने फोन आपटला. साहेब म्हणाले, "बरं झालं." त्यांचे आभार दुसऱ्यांदा.

एन्गुदायशी बोलले. बाळ दूध ओढतंय. सासू उशाशी सुरी ठेवून बसलेली असते, नजर लागू नये म्हणून. "शिंक आली तरी ती सुरी उचलते," एन्गुदाय म्हणाली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मागे पावसाचा आवाज येत होता.

नहासे ३०, सोमवार

सर्व्हरच्या खोलीतला पंखा जळाला, वायरमन सणाच्या खरेदीला गेलेला, आणि साहेबांना वर्षअखेरचा अहवाल आजच हवा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. आमच्याकडे तर तो खराच येतो, उद्यापासून पागुमे. सहाच दिवसांचा का होईना, महिना तो महिना.

पागुमे १, मंगळवार

एक बातमी. गाशे यिहेनेव प्रेमात पडलेत.

सकाळी त्यांचा मोबाइल वाजला. गाशेंना सकाळी कधी कुणाचा फोन येत नाही. ते उठून गॅलरीत गेले, पाठ करून उभे राहिले, हळू बोलले. मी कान दिला तर "दम लागलाय का तुम्हाला", "चढण फार आहे का", "पाय जपा" असलं काहीतरी. परत आले ते थेट भिंतीवरच्या फळ्याकडे, खडूने गेदेल अंबाचा आकडा लिहिला आणि शीळ घालायला लागले.

"कोण हो गाशे?"

"कुणी नाही. नातेवाईक."

"नातेवाइकाला 'तुम्ही' म्हणता?"

ते कानापर्यंत लाल झाले. या वयात. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर त्यांना छळलं नाही. नदी बेताची, फळ्यावर आकडा वेळेवर, सर्व्हर स्वच्छ. आज कोणाचे आभार मानायचे तेच कळत नाही, सगळ्यांचेच.

पागुमे २, बुधवार

परत फोन आला. परत गॅलरी. आज निम्मं बोलणं हसण्यातच गेलं. परत येऊन फळ्यावर आकडा, शीळ.

नाकारलेल्या मेलच्या यादीत एक नवा चोर दिसतोय. पत्ता परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा, तारखेत महिनाच नाही. कालही एकदा येऊन गेला होता. जाऊ दे, दार भक्कम आहे.

पागुमे ३, गुरुवार

आजचं सगळं ओळीने लिहून ठेवते.

आज रुफाएल देवदूताचा दिवस. या दिवशीचा पाऊस पवित्र, म्हणून पहाटेपासून गल्लीतली पोरं उघडी होऊन नाचत होती. पाऊस असा की समोरचं दिसेना. कचेरीत पोचले तर गाशे गॅलरीत, फोन हातात, पण बोलत नव्हते. फळा कोरा.

"आज रुसली वाटतं," मी म्हटलं.

"पाऊस बघ बाहेर. रुसायला सवड कुणाला आहे."

त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. कॉफी आली. पहिला कप त्यांनी उभ्यानेच घेतला. दुसरा झाला आणि छत्री उचलली. म्हणाले, जरा तारघराकडे जाऊन येतो, तिथून वर निरोप जातो का पाहतो. मला काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की म्हातारा माणूस अशा पावसात बाहेर पडतोय. मी छत्री ओढून घेतली.

"बरकाचा कप सोडून जाता? तिसरा कप टाकून जाणाऱ्याच्या घरातून आशीर्वाद उठून जातो. तुम्हीच शिकवलंत."

ते बसले. तिसरा कप ओतेपर्यंत वेळ लागतो, त्यांचं मन रमावं म्हणून मी आपली बडबड करत राहिले. "एक निर्लज्ज भेटलाय मला, गाशे. सकाळपासून दार ठोठावतोय. हाकलला की थोड्या वेळाने परत हजर. काल-परवा एकेकदाच आला होता, आज पिच्छाच सोडत नाही. आणि अक्कल बघा, दिवस लिहिलाय, वर्ष लिहिलंय, महिन्याची जागा कोरी."

गाशेंनी कप खाली ठेवला. "वर्ष कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"अस्नू, वर्ष कुठलं लिहिलंय त्याने?"

"दोन हजार तीन," मी म्हटलं, आणि माझाच आकडा मला ऐकू आला. दोन हजार तीन आमचं वर्ष आहे. जगातला कुठलाच चोर आमचं वर्ष लिहीत नाही.

आम्ही दोघं सर्व्हरच्या खोलीकडे धावलो. गाशे धावताना सांगत होते, मधे मधे श्वास घेत. तो परदेशी पत्ता उपग्रहवाल्या कंपनीचा. परवापासून डब्यावर लाल दिवा लागतोय. मांतेगबोशला वाटलं डबा बिघडला. ती रोज ओढा ओलांडून चर्चच्या टेकडीवर चढते, तिथे फोन लागतो, तिथून आकडा सांगते. तेच फोन. मला सांगितलं नाही, कारण मी तो डबा भंगारात काढणार होते. आज ओढ्याला पाणी असेल, टेकडीवर जाता येत नसेल, म्हणून ती बटण दाबत बसली असेल.

"पण महिना कोरा का?"

"बाराच नावं आहेत गं फिरंग्यांकडे. तेराव्याला काय चिकटवणार? रिकामी ठेवली जागा. इतकी वर्षं कुणी हूं का चूं केलं नाही."

इतकी वर्षं कुणी केलं नाही कारण सर्व्हर सगळं पोटात घालत होता. माझ्या आधी. तिकडचा लाल दिवा म्हणजे माझाच नकार.

नाकारलेल्या मेलचा मजकूर आम्ही ठेवत नाही. दारातून हाकललेल्याची पिशवी कोण तपासतो. त्यामुळे तिने आत्तापर्यंत काय काय सांगितलं ते गेलं ते गेलंच. मी तारखेचा नियम काढून टाकला आणि आम्ही दोघं ती परत येण्याची वाट बघत बसलो. मी म्हटलं, "आता तिने नाद सोडला असेल तर?"

"ती सोडणार नाही."

"कशावरून?"

"सोडणार नाही," ते एवढंच म्हणाले.

तिने सोडला नाही. मेल आली. पाणी लाल खुणेच्या वर, चढतंच आहे. खाली शेऱ्याच्या ओळीत लिहिलं होतं: "ओढा ओलांडता येत नाही. पट्टीचं वरचं टोक बुडतंय. तुम्ही जेवलात का?" शेवटचं वाक्य कशासाठी ते कळलं नाही. घाबरलं की माणूस काहीही लिहितो.

साहेबांनी जिल्ह्याला फोन लावला, मी भाऊजींना. वरून खाली पाणी यायला अर्धा दिवस लागतो आणि त्यातला बराचसा माझ्या दारात उभा राहून गेला होता. भाऊजी म्हणाले, "ती बाहेर यायला तयार नाही. आई दारात आडवी बसलीय, म्हणते चाळीस व्हायचेत." मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही. मग फोन गेला.

त्यानंतर दुपार. फोन बंदच. कुणी मला एकटीला सोडलं नाही. हिशेबातल्या बाई शेजारी बसून भाजलेल्या बार्लीचा कोलो चघळत होत्या. गाशे दर मेलला आकडा वाचत होते, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा.

अंधार पडायच्या आधी भाऊजींचा फोन आला. सगळे चर्चच्या आवारात आहेत. म्हातारीची समजूत शेवटी पाद्रींनी काढली, की चर्चच्या आवारात जाणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. एन्गुदायला बाजेसकट चौघांनी उचललं, सासू सुरी घेऊन पुढे. गुरं वर आहेत. माणूस एकही कमी नाही. घराचं विचारलं तर म्हणाले, "छपराची तुळई तेवढी दिसतेय."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. गाशेंनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिसरा कप राहिला की गं आपला."

गार झाला होता. तरी प्यायलो.

पागुमे ४, शुक्रवार

पाणी उतरतंय. सकाळी साहेबांसमोर आम्ही दोघं उभे. मी सगळं सांगितलं. गाशे मधे मधे "चूक माझी, लाल दिवा मी लपवला" म्हणत राहिले, मी "नाही, माझी", साहेब वैतागले. "दोघं भांडू नका. एन्गुदाय कशी आहे?"

"बरी आहे."

"मग तो डबा बदला आणि विषय संपवा."

"डबा बदलायचा नाही," मी म्हटलं. गाशेंनी चमकून पाहिलं. मलाही माझं नवल वाटलं.

पागुमे ६, रविवार

सुट्टी असून कचेरीत जाऊन बसले. दार सताड उघडं टाकलं तर परत कचरा, परत कारकुनाच्या पेटीत सूचना गाडली जाणार, ते तितकंच जीवघेणं. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते, हे स्वतःला सांगायला हवं. पण सगळे नियम एका मापाचे नसतात. आपण कोण हे खोटं सांगणाऱ्याला दार बंद, तिथे मी अजून तेवढीच कडक. तारीख चुकली, एखादी ओळ वाकडी, एखादी जागा कोरी, तर हाकलायचं नाही. सर्व्हरमध्ये एक वेगळी पेटी केली, तिचं नाव ठेवलं पडवी. असल्या मेल तिथे बसतील, आणि रोज सकाळी कॉफीआधी मी स्वतः एकेकीला विचारीन, बाई, कुठून आलात.

गाशे आले होते, टेबल आवरायला. आज त्यांचा शेवटचा दिवस. पडवी बघून म्हणाले, "पाय धुवायला पाणी कुठाय?"

"ते तुमच्याकडे. तेराव्या महिन्याचं नाव प्रोग्राममध्ये घालायचंय. एका ओळीचं काम आहे."

"त्यासाठी गेदेल अंबाला जावं लागेल," ते म्हणाले. आदिसचं तिकीट काढलेलं होतं. ते मुलाला परत करायला सांगितलं म्हणे.

मेस्केरेम १, सोमवार

नवीन वर्ष. पिवळी फुलं घेऊन मुली दारात गाऊन गेल्या. घरमालकिणीने कोंबडी केली. पडवी झाडली: तीन लॉटऱ्या, एक औषध, आणि साहेबांच्या मेहुण्याच्या शुभेच्छा, हेडर अजून चुकलेलंच. त्याला उत्तर लिहिलं आणि त्याचे आभार मानले.

मेस्केरेम ४, गुरुवार

शेंबेकोला जाऊन आले. बाळाचा बाप्तिस्मा झाला. भिंतींवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर, पार तुळईजवळ. एन्गुदाय त्या रेघेखाली बोट दाखवून म्हणाली, "बाज इथे होती," आणि बाळाला माझ्याकडे दिलं. मी ते बराच वेळ परत केलं नाही.

धर्मपिता म्हणून गाशे उभे राहिले. भाऊजींनीच विनंती केली. आणि वरून मांतेगबोश आली होती, गाशेंबरोबर, एकाच बसने. मी तिची मनात काय काय मूर्ती केली होती. उंच, करारी बाई, कमी बोलणारी. समोर होती बुटकी, हसऱ्या तोंडाची. मी तिचे हात धरले, म्हटलं, "तुम्ही सारखं बटण दाबत राहिलात. कंटाळा नाही आला?"

"लाल दिवा लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे," ती म्हणाली. "कुणी नसतं तर दिवाच लागला नसता."

एन्गुदायची सासू पुढे आली आणि तिने वाकून मांतेगबोशच्या गुडघ्याला हात लावला. जेवणात मांतेगबोशने पहिला घास करून गाशेंच्या तोंडात घातला. पाहुण्याचा मान म्हणून असेल.

तर ते प्रेम वगैरे माझ्याच डोक्यातलं. सगळे फोन कामाचे होते. दोघांचीही मनातल्या मनात माफी मागितली.

मेस्केरेम २०, शनिवार

गाशे चार दिवसांसाठी गेदेल अंबाला गेले, त्याला दोन आठवडे झाले. एका ओळीच्या कामाला एवढा वेळ. म्हातारपणी हात हळू चालतो. आकडा मात्र रोज सकाळी वेळेवर येतो, आणि शेऱ्याच्या ओळीत काहीतरी असतं. परवा: "पाणी निवळ. बार्लीला कणीस धरलं." काल: "पाणी स्थिर. तिन्ही कप झाले."

आजची जरा लांब होती. लिहिलंय, दुरुस्ती झाली आहे, पण तेरावा महिना नीट चालतो की नाही हे पुढच्या पागुमेशिवाय कळणार नाही, म्हणून तोपर्यंत इथेच राहणं भाग आहे. साहेबांना कळव. मुलालाही कळव.

मी लगेच उत्तर पाठवलं: गाशे, डब्याची तारीख हाताने पुढे सरकवा, आत्ता दोन मिनिटांत तपासून होईल, वर्षभर थांबायची गरज नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. कुठे अडकलं असेल म्हणून पडवीत दोनदा पाहून आले. तिथेही नाही. उद्या कॉफीआधी परत बघते.